नाव घ्यायचा खेळ

बाबा गेले त्या वर्षी आमच्या घरातले आवाज कमी झाले असं नाही. शिलाई मशीन तर पूर्वीपेक्षा जास्तच चालत होती, कारण आईनं गावातल्या पोरींचे फ्रॉक आणि बायकांची पोलकी शिवायला घेतली होती. पहाटे शेजारच्या वच्छलाकाकूंच्या वाडीत पाण्याची मोटार सुरू व्हायची, तिच्या घुरघुरीनं मी जागी व्हायचे. पुलगावच्या स्टेशनात शिरणाऱ्या मालगाडीची शिट्टी आमच्या नाचणगावात अशी ऐकू यायची, की जणू गाडी मागच्या गल्लीतूनच चालली आहे. वच्छलाकाकू वाडीतून परतताना आमच्या दाराशी थांबून हाक मारायच्या आणि ओसरीवर मूठभर सांबार, चार वांगी, कधी कोबीचा एखादा लहान गड्डा ठेवून जायच्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पुण्याला शिकायला गेले तेव्हा या शब्दावरून माझी बरीच थट्टा झाली होती. हे सगळं होतं तसंच होतं. घरातून नाहीसा झाला होता तो एकच शब्द, ‘बाबा’. तो ना आई उच्चारायची ना मी.

याची सुरुवात माझ्याकडून झाली. बाबा गावातल्या शाळेत मास्तर होते आणि दर रविवारी पुलगावच्या चर्चमध्ये पेटी वाजवून गाणी सांगायचे. थंडीच्या दिवसांत कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ते गेले. त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात आईनं पातोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या थापून, कापून तिखट रश्शात सोडायच्या, बरोबर ज्वारीची भाकर. मला वाढता वाढता आई सहज म्हणाली, “तुह्या बाबाले काठाची वडी आवडे.” मी ताटावरून उठले, अंगणात गेले आणि रांजणापाशी ओकले. आई मागून आली. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणत राहिली, “नाई काढत बाई, नाई काढत आता.” तिनं तो शब्द पाळला. मला मात्र पुढं पुढं वाटू लागलं, की तिलाच ते नाव सोसत नसेल म्हणून ती काढत नाही. मग मीही काढलं नाही. एकाच घरात दोघी जणी एकमेकींना जपत, पाय न वाजवता चालाव्यात तसं आम्ही ते वर्ष काढलं. पेटीवर जुनी चादर पडली होती. झाडताना तिला धक्का लागला की आतून एक बारीक सुस्कारा यायचा आणि आम्ही दोघी दुसरीकडे बघायचो.

आई जाऊन आता आठ महिने झाले. त्र्याऐंशी वर्षांची होऊन, कुणाला फारसा त्रास न देता गेली. भेटायला येणारी माणसं हवापाण्याचं बोलतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात आणि तिचा विषय निघू नये म्हणून फार काळजी घेतात. त्यांची ही माया मला कळते. मी स्वतः पंधराव्या वर्षी तीच केली होती. त्या वयात मी बाबांच्या ट्रंकेतली सगळी पुस्तकं वाचून संपवली होती, आणि तरीही दुःखाला तोंडाची गरज असते एवढी साधी गोष्ट मला कुठल्या पानावर सापडली नव्हती.

बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, तूर निघायला आली होती तेव्हा, एका दुपारी पुलगावहून पाळकीणबाई आल्या. चर्चच्या पाळकसाहेबांच्या या पत्नीला सगळे पाळकीणबाईच म्हणत, जसं माझ्या आईला मास्तर गेल्यावरही मास्तरीणबाई म्हणत. पाणी पिऊन होताच त्या म्हणाल्या, “आपल्या मंडळीतल्या बायकांचं भगिनी मंडळ काढून राह्यलो आमी. शनिवारी पहिली सभा. नागपूरहून एक ताई येणार हाये, खेळ घेणार म्हणते. तुमी यायलेच पायजे.”

आई मशीनवरून उठली नाही. “मी कायले, बाई? माझं काय काम?”

“काम कायचं? बसाचं, गाणं म्हणाचं, चहा प्याचा.”

“पोरगी एकटी राहील.”

“तिलेही आणा. दृढीकरण झालं ना तिचं? मंग ते बाईमाणसातच आली.” दृढीकरण म्हणजे वयात आलेल्या मुलांना मंडळीत सामील करून घ्यायचा विधी.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्याकडून नकार हवा होता, हे मला दिसत होतं. परीक्षा आहे, अभ्यास आहे, असं काहीतरी. वर्षभर ती फक्त रविवारच्या उपासनेला जायची, तेही शेवटच्या बाकावर बसायची आणि आशीर्वाद संपायच्या आत चपला घालायची. आता ही नाही म्हणाली, तर ही बाई यापुढे कुठेच जाणार नाही, या मशीनपाशीच म्हातारी होईल, अशी भीती मला त्या क्षणी वाटली. मी म्हणाले, “आपण जाऊ, आई.” पाळकीणबाईंनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि बजावून गेल्या, “येजा हं, मास्तरीणबाई. आन् हात हलवत येऊ नका.”

शनिवारी सकाळी आईनं सांबारवड्या केल्या. निवडलेली कोथिंबीर ओलसर कपड्यावर पसरलेली, खसखस, तीळ, खोबरं भाजल्याचा वास, कढईतलं चर्र. वर्षभरात तिनं काही तळलं नव्हतं. वड्यांचा डबा फडक्यात बांधून, पांढरी बारीक किनारीची साडी नेसून ती निघाली तेव्हा दारातच दोनदा थांबली. एकदा कडी बघायला, एकदा उगीच.

पाळकसाहेबांच्या घराच्या मागच्या पडवीत सतरंजी घातली होती. बारा-तेरा जणी आल्या होत्या, बहुतेक ओळखीच्या. सगळ्यांत वयानं मोठ्या मार्थाबाई. त्यांचे यजमान रेल्वेत होते आणि बाईंची जीभ म्हणाल तर फटाक्यांची माळ. आईला बघताच त्यांनी आपल्या शेजारची जागा थोपटली. पण आई “इथं बरं हाये” म्हणत खांबाला टेकली. मी तिच्या समोर, पलीकडच्या बाजूला बसले. नागपूरच्या रिबेकाताई तिशीच्या असतील. केस खांद्यापर्यंत कापलेले, गळ्यात शिट्टी, जवळ पिशवी. त्यांचं मराठी शुद्ध होतं, पण शाळेत शिकून आल्यासारखं. त्यांनी प्रार्थना केली आणि मग म्हणाल्या, आधी आपण एकमेकींशी मोकळ्या होऊ या.

पहिला खेळ असा होता, की सगळ्यांनी आपापल्या जन्माच्या महिन्याप्रमाणे ओळीत उभं राहायचं. ताईंनी शिट्टी वाजवली. कुणी हललं नाही.

“ताई,” मार्थाबाई म्हणाल्या, “मी झाली तवा जवारी निसवली होती, एवढं माय सांगे. त्याले कोणता महिना म्हणता तुमी?”

“मी पोळ्याच्या करीची,” दुसरी म्हणाली.

“माह्या वेळेले कापूस वेचणं सुरू होतं. मायनं मले वावरात, कपाशीच्या तासातच टाकलं म्हणते.”

“म्हणून तू अजून काळी,” मार्थाबाई म्हणाल्या आणि पडवी हसली.

रिबेकाताई गोंधळल्या. ज्वारीला कणीस कधी येतं, हे त्यांना नागपुरात कुणी विचारलं नसणार. तेवढ्यात आई खांबापासून उठली. “पोळ्याची कर आधी,” ती म्हणाली. “जवारी त्याच्या मागून. वेचणीवाल्या तिकडं उभ्या राहा. आन् गव्हाच्या सोंगणीवाल्या कोण हाये, त्या शेवटी.” तिनं एकेकीच्या दंडाला धरून ओळ लावली. पिकांवरून लागलेली ती ओळ बघून ताईंनी टाळ्या वाजवल्या. आई हसत नव्हती, पण तिचा पदर खांद्यावरून सरकला होता आणि तिला ते कळलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की मी उगाच पायाची नखं बघत बसले.

मग आम्ही गोल करून बसलो आणि ताईंनी पिशवीतून लाल लोकरीचा गुंडा काढला. म्हणाल्या, “हा गुंडा जिच्याकडे येईल तिनं नाव घ्यायचं. धागा आपल्या हातात धरून ठेवायचा आणि गुंडा दुसरीकडे टाकायचा. शेवटी आपलं सगळ्यांचं मिळून एक जाळं होईल.”

नाव घ्यायचं, असं म्हटलं त्यांनी. नाव सांगायचं म्हणायला हवं होतं. या दोन शब्दांतलं अंतर पडवीतल्या प्रत्येक बाईला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त ताईंना नव्हतं. कुणी पदर डोक्यावर ओढला, कुणी शेजारणीला कोपरानं ढोसलं. गुंडा आधी मार्थाबाईंकडे गेला. त्यांनी घसा साफ केला.

“पुलगावच्या टेसनावर गाडी थांबते घाई घाई, दानिएलराव म्हणते, आधी चहा ठेव बाई.”

एकच हशा झाला. ताई चकित होऊन बघत राहिल्या, मग त्याही हसल्या. त्यांना वाटलं असावं, की इकडे ओळख अशीच करून देतात. गुंडा सुमनबाईंकडे उडाला. “जवारीच्या भाकरीवर ठेचा वाढते तिखट, याकोबरावांचं बोलणं गोड, पण वागणं बिकट.” “हे रविवारी वेदीपुढं म्हणून दाखव,” मार्थाबाई म्हणाल्या. मग पाळकीणबाईंनी लाजत लाजत पाळकसाहेबांचं नाव घेतलं, आणि आत पुस्तक वाचत बसलेले पाळकसाहेब खोकले. लाल धागा पडवीभर आडवा-उभा ताणला जाऊ लागला.

चौथ्या-पाचव्या फेकीला माझ्या लक्षात आलं, की गुंडा आईवरून जातो आहे. उजवीकडच्या बाईकडे जातो, डावीकडच्या बाईकडे जातो, तिच्याकडे येत नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणाच्या मनात काही वाईटही नव्हतं. आमच्यात कुंकू नव्हतंच, त्यामुळे पुसायचा प्रश्न नव्हता. जुनं सगळं मागे पडलं असं पाळकसाहेब नेहमी सांगायचे. पण नाव घ्यायची हौस मागे पडली नव्हती, आणि तिच्या सोबतीनं विधवेला नाव घ्यायला न लावायची रीतही तशीच चालत आली होती. तिला उलट त्यातून सोडवत होत्या त्या. आईचे दोन्ही हात मांडीवर होते, पालथे. तिच्या डोळ्यांसमोरून तो धागा चालला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती, जसं लहान मूल दुसऱ्यांच्या पतंगाकडे बघतं.

शेवटी गुंडा माझ्या मांडीवर येऊन पडला. मार्थाबाई म्हणाल्या, “घे वं, होणाऱ्याचं घे.”

“मला नाही येत.”

“येईल, येईल. दोन वर्षं थांब, झोपेतही येईल.”

सगळ्या हसल्या. आता गोलात एकच बाई राहिली होती. मी गुंडा हातात धरला. तो लहान झाला होता, लिंबाएवढा. समोर आई होती. तिच्याकडे टाकला तर तिला ते नाव घ्यावं लागेल, ते इथं या सगळ्यांत तिच्यानं होणार नाही, ती उठून जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही, असं मी मनात म्हणाले. खरं सांगायचं तर मला ते नाव ऐकायचं नव्हतं. मी गुंडा रिबेकाताईंकडे घरंगळवला आणि म्हणाले, “झाल्या सगळ्या.”

हा धागा मी नंतर कितीदा तरी मनात उलटा गुंडाळला आहे.

“अहो, या ताई राहिल्या ना,” रिबेकाताई म्हणाल्या.

“त्याईले राहू द्या,” पाळकीणबाई हलकेच म्हणाल्या.

“का बरं?”

मग सुमनबाई खाली बघत म्हणाल्या, “मास्तर गेले त्याईचे. साल होऊन राह्यलं आता.”

ताईंना तेव्हा कळलं, की इतका वेळ इथं कोणता खेळ चालला होता. त्यांचा चेहरा पडला. त्या काही म्हणणार तेवढ्यात आई बोलली. ताईंशी नाही, माझ्याशी.

“बेबी, मले दे तो.”

मी उठले. गुडघ्याएवढ्या उंचीवर सगळीकडे लाल धागे ताणलेले होते आणि त्यांतून एकेक पाय उचलत मला जावं लागलं. बायकांनी आपापला धागा खाली घेऊन मला वाट दिली. ताईंच्या हातातून गुंडा घेतला, तशीच परत वळून आईपाशी गेले आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिनं धागा बोटाला गुंडाळून घेतला. पदर डोक्यावर ओढला, बाकीच्यांनी ओढला होता तसाच.

“मांडवावर चढला दोडक्याचा वेल,” ती म्हणाली आणि थांबली. इतकी थांबली, की पाळकीणबाईंनी हात पुढे केला. आईनं मान हलवली. “नाव घेते, ऐका साऱ्या, मास्तर माझे शमुवेल.”

आईच्या तोंडून बाबांचं नाव मी त्याआधी एकदाही ऐकलं नव्हतं. ते असतानाही नाही. आमच्या इकडे बाई नवऱ्याचं नाव कशाला घेईल? ते त्यांचे हेडमास्तर घ्यायचे, पाळकसाहेब घ्यायचे, पोस्टमन घ्यायचा. शेवटी ते मी पाळकसाहेबांकडून स्मशानभूमीत ऐकलं होतं आणि माझ्या कानात तेच राहिलं होतं. आईच्या आवाजात ते नाव वेगळं होतं. शेवटचा ‘ल’ तिनं थोडा लांबवला, दूर चाललेल्या माणसाला हाक मारावी तसा.

कुणी हसलं नाही, कुणी डोळेही पुसले नाहीत. थोड्या वेळानं मार्थाबाईंनी विचारलं, “दोडक्याचा काऊन वं? बाकीच्या तं जाई-जुईचा घेते.”

“आमच्या दारी दोडकाच होता,” आई म्हणाली.

त्यावर मात्र पडवी अशी हसली की पाळकसाहेब बाहेर डोकावून गेले, आणि हसणाऱ्यांत आई होती. मग रिबेकाताईंनी हात जोडून सांगितलं, की त्यांना फक्त प्रत्येकीचं स्वतःचं नाव हवं होतं. “मंग तसं सांगाचं ना, बाई,” मार्थाबाई म्हणाल्या. गुंडा परत गुंडाळला जाऊ लागला आणि ज्या वाटेनं आला होता त्याच वाटेनं मागे गेला, एकेकीचं नाव घेत. नवऱ्याचं नाव धडाक्यात घेणाऱ्या बायका स्वतःच्या नावाला अडखळल्या. एकीनं विचारलं, “माहेरचं सांगू का इकडचं?” आईनं सांगितलं, “विमल.” तेही मी रेशनकार्डावर वाचलेलं नाव होतं, कुणी त्या नावानं तिला हाक मारताना ऐकलं नव्हतं. मग चहा झाला, ताईंनी वाटेत वर्ध्याहून आणलेली गोरसपाकाची बिस्किटं झाली आणि सांबारवड्यांचा डबा रिकामा परत आला.

आम्ही उन्हं कलताना चालत निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळलेली तूर, मध्येच कुणाची कोबीची हिरवी वाडी. मग आईच म्हणाली, “त्या ताईले आपापलं नाव पायजे होतं. मले पह्यलेच समजलं होतं.”

“मग काऊन घेतलं?”

ती चालत राहिली. “वर्ष झालं, बेबी. कोणी नाव घे म्हटलंच नाई मले.”

मला रडू आलं. मी म्हणाले, मी मुद्दाम गुंडा दुसरीकडे टाकला. ती म्हणाली, “मले दिसलं ना.” आणि मग, “तुले सोसत नाई म्हणून मी काढत नव्हती.” मी म्हणाले, मला वाटायचं तुलाच सोसत नाही. आम्ही रस्त्यात उभ्या राहिलो. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि “बाजूनं व्हा, मावशी” म्हणून गेला, तेव्हा कुठे चालायला लागलो.

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं बाबांबद्दल बोलायला सुरुवात केली आणि भाकरी थापता थापता थांबलीच नाही. लग्नात त्यांच्या कोटाची बाही आखूड होती. सोयरीक पाहायला आले तेव्हा तिला काही विचारायचं सोडून तिच्या भावाचं पाढ्यांचं पुस्तक तपासत बसले. पहिल्या पगारात तिच्यासाठी लुगडं आणायला गेले आणि पुस्तक घेऊन आले, मग दोन दिवस घराबाहेरच बसले. तीन भाकरी करपल्या. मी एकेक प्रश्न विचारत होते, हावरटासारखी. तेवढ्यात मला पडवीतली स्वतःच्या नावांची फेरी आठवली. मी विचारलं, “बाबा तुला काय म्हणायचे? विमल म्हणायचे?”

तिनं तवा खाली उतरवला. “लोकात तं काहीच नाई. ऐकतेस का, एवढंच.”

“आणि लोकात नसताना?”

ती लाजली. माझी आई, सदतीस वर्षांची, पांढरी साडी नेसलेली, पिठाचे हात घेऊन लाजली. मग माझ्या कानाशी आली आणि तिनं ते सांगितलं. एक लहानसं नाव होतं, दोन अक्षरांचं, थोडं वेडगळ. ते आमच्या मास्तरांच्या तोंडी शोभणारं मुळीच नव्हतं. “सांगू नको कोणाले,” ती म्हणाली.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, आणि इथंही लिहिणार नाही. ज्यानं तिला त्या नावानं हाक मारली तो नाही, जी त्या हाकेला ओ द्यायची ती नाही. ते नाव माहीत असलेली या जगात आता मी एकटी उरले आहे. कधी कधी दुपारी घरात कुणी नसताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि ते मोठ्यानं म्हणते, बाबा म्हणत असतील तसं, आणि थोडा वेळ तिथंच थांबते.